खरखर कोठून येते?



ह्या व्यासपीठावरून आजवर इतिहास, राज्यशास्त्र, वेदान्त अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. मी मात्र आज हातात मावेल एवढी एक डबी घेऊन आपल्यापुढे उभा आहे, आणि त्या डबीतून निघणाऱ्या नको त्या आवाजाविषयीच बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटला तर श्रोत्यांनी रागावू नये. गिटार वाजवणारी मुले आता आपल्या आळीआळीत आहेत. त्यांतली काही हौशी मुले घरच्या घरी अशा डब्या तयार करतात, आणि डबी तयार झाली की पहिली तक्रार ठरलेली असते, "खरखर येते हो."

ही डबी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा पायाशी ठेवतो आणि पायाने चालू-बंद करतो, म्हणून तिला पेडल म्हणतात. मराठीत पायपेटी म्हणावे तर संगीत नाटके पाहिलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ऑर्गन उभा राहील. तेव्हा पेडलच म्हणू. ज्या जातीच्या पेडलविषयी आज बोलायचे तिचे नाव फझ. गिटारचा स्वच्छ स्वर ह्या डबीत शिरतो आणि घोगरा, जाड, लांबणारा होऊन बाहेर पडतो. आत घडते एवढेच की, तारेतून आलेली विजेची लाट इतकी मोठी केली जाते की ती डबीत मावत नाही. तिचा माथा आणि तळ छाटला जातो. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर उमटतात, आणि हेच त्या घोगरेपणाचे रहस्य.

चांगला स्वर मुद्दाम बिघडवण्यात कसली आली कला, असे कोणी विचारील. त्याने आपल्या तंबोऱ्याकडे पाहावे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार सरळ टेकत नाही. घोडीचा माथा बेताने घासून त्याला बारीक उतार देतात, वर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, आणि तार त्या उतारावर हलके हलके घासत राहते. ह्या घासण्यालाच आपण जवारी म्हणतो. जवारी नसलेला तंबोरा मुका वाटतो. जवारी बिघडलेला तंबोरा नुसता झणझणतो. मिरजेचे कारागीर तक्रार आली म्हणून भोपळा फेकून देत नाहीत. घोडी पाहतात, धागा पाहतात. हवे असलेले घासणे आणि नको असलेले झणझणणे एकाच जागी राहते, हे त्यांना ठाऊक असते. फझच्या डबीचे दुखणे नेमके हेच आहे. म्हणून तिच्यातली खरखर काढणे हे साध्या रेडिओतली खरखर काढण्याहून थोडे अवघड काम आहे.

ह्या उपकरणाचा जन्मच मुळी एका बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स ह्या गायकाच्या 'डोन्ट वरी' ह्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रसामग्रीतला एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिनने वाजवलेला तुकडा विलक्षण घोगरा उमटला. तो तुकडा तसाच ठेवून गाणे १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि लोकांना आवडले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्याने मग तोच बिघाड हुकमी करून दाखवणारे सर्किट रचले, आणि १९६२ साली ते 'मेस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने बाजारात आले. १९६५ साली रोलिंग स्टोन्स मंडळींच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते जगभर ऐकू गेले. त्याच सुमारास लंडनमध्ये गॅरी हर्स्टचा 'टोन बेंडर' निघाला, आणि १९६६ साली आर्बिटर कंपनीचा तो वाटोळा, हसऱ्या चेहऱ्याचा 'फझ फेस', जो जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी प्रसिद्धीला पोचला.

आपली मुले घरी करतात ती बहुधा ह्या फझ फेसचीच नक्कल असते, आणि त्याला कारणही आहे. त्यात आहे काय? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर, दोन फिरती बटणे आणि ९ व्होल्टची एक बॅटरी. एवढ्या सामानात एका दुपारी काम होते. पण ते दोन ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे हवेत, असा जाणकारांचा आग्रह असतो, आणि येथे कथा गुंतागुंतीची होते.

जर्मेनियम हे मूलद्रव्य सापडण्याआधीच मेंडेलीव्हने १८७१ साली त्याचे भाकीत केले होते. १८८६ साली फ्रायबर्गच्या विंक्लरला ते खरोखर मिळाले. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत जो पहिला ट्रान्झिस्टर चालला तो जर्मेनियमचाच. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६२ पासून जर्मेनियमची अर्धवाहक उपकरणे होऊ लागली, आणि घरोघरच्या खिशातल्या रेडिओंत ती बोलू लागली. पुढे सिलिकॉनने जर्मेनियमला हुसकावले. आज बाजारात जे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळतात ते बहुतांशी त्या जुन्या काळातल्या साठ्यातले. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एखाद्या जुन्या दुकानदाराच्या खणात ते असतात, नाहीतर भंगारातल्या रेडिओंत. एक जाळला की तो गेला; त्याच्या जागी नवा घडत नाही. म्हणून खरखर आली की आधी ट्रान्झिस्टर उपटायचा, ही जी आपल्या मुलांची रीत पडली आहे, ती मला बघवत नाही.

गेल्या पावसाळ्यात महाविद्यालयात जाणारा एक मुलगा अशी डबी माझ्याकडे घेऊन आला. बरोबर एक काडेपेटी होती. काडेपेटीत दोन ट्रान्झिस्टर, आणि वर निळ्या शाईने लिहिलेले, 'खराब'. खरखर जाईना म्हणून त्याने पहिल्या जागेचा ट्रान्झिस्टर दोनदा बदलला होता, आणि आता तिसरा लावून तो निराश झाला होता. मी त्याला विचारले, "खरखर म्हणजे नक्की कसा आवाज?" तो म्हणाला, "खरखर म्हणजे खरखर!"

मंडळी, ताप हे जसे रोगाचे नाव नव्हे, तसेच खरखर हेही नव्हे. मराठी भाषेचे ह्या बाबतीत आपल्यावर मोठे उपकार आहेत. घूं घूं, सूं सूं, तडतड, करकर, फटफट, शिट्टी असे शब्द आपण लहानपणापासून वापरतो, आणि ह्या प्रत्येकाचे डबीतले उगमस्थान निराळे आहे. त्या मुलाला मी डोळे मिटून ऐकायला सांगितले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "खाली एक घूं आहे. वर सूं आहे. आणि बटण फिरवले की करकर होते." म्हणजे एका तक्रारीच्या तीन तक्रारी झाल्या. निम्मे काम तेथेच झाले होते.

घूं हा आवाज बहुतेक वेळा घरातल्या विजेचा. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. अॅडॅप्टरमधून ती सरळ करून घेतली तरी नीट गाळली नाही तर १०० हेलकाव्यांचा अवशेष उरतो. फझची डबी आत शिरणाऱ्या सूक्ष्म लाटेला काही शेकडा पटींनी मोठे करते. ती बिचारी सज्जन-दुर्जन ओळखत नाही, घूं आला तर घूंही तेवढाच मोठा करते. म्हणून पहिली परीक्षा अगदी सोपी: अॅडॅप्टर काढा आणि बॅटरी लावा. त्या मुलाची घूं निम्म्याने कमी झाली. अॅडॅप्टरच वापरायचा असेल तर त्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि पुढे १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घालावा. डबी जेमतेम एखादा मिलिअॅम्पिअर पिते, त्यामुळे रेझिस्टरमध्ये व्होल्टेज फारसे गळत नाही, आणि घूं मात्र बरीच गाळली जाते.

येथे एक धोक्याची सूचना केली पाहिजे. जुन्या तऱ्हेच्या ह्या डब्यांत पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असतात आणि बॅटरीचे धन टोक ग्राउंडला, म्हणजे डबीच्या अंगाला, जोडलेले असते. आजच्या इतर पेडलांत ऋण टोक ग्राउंडला असते. दोघांना एकाच अॅडॅप्टरवर बांधले तर धन आणि ऋण सरळ एकमेकांना भेटतात. ह्या डबीला आपली स्वतंत्र बॅटरी असावी हेच बरे. आणि दुसरे, शोधाच्या भरात कोणी अॅम्प्लिफायर उघडू नये. डबीत ९ व्होल्ट आहेत, ते कोणाला मारीत नाहीत. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये काही शे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टपून बसतात.

उरलेली निम्मी घूं कोठली? गिटार काढून ठेवली आणि डबीच्या तोंडाशी आतली तार आणि ग्राउंड एकत्र जोडले, तरी ती थोडी राहिलीच. म्हणजे गिटारचा दोष नव्हता. (गिटारचा असता तर वाजवणाऱ्याने अंग वळवताच घूं कमीजास्त झाली असती, एका वेटोळ्याच्या पिकपचे हे हमखास लक्षण आहे.) मग लक्षात आले की चिरंजीवांनी सर्किट बसवले होते साबणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. प्लॅस्टिक विजेच्या हवेतल्या लहरींना अडवीत नाही. मी स्वयंपाकघरातून स्टीलचे ताट मागवले, एका चिमट्याच्या तारेने ते ग्राउंडला जोडले आणि डब्यावर पालथे घातले. घूं थांबली. ताट उचलले, घूं आली. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहण्यासारखे होते, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरचे ताटासंबंधीचे आश्चर्यही. डबी धातूची असावी, आणि तिचा रंग जॅकच्या जागी खरवडून ग्राउंडशी धातूला धातू टेकलेला असावा. एवढ्यानेच कितीतरी डब्या शांत होतात.

आता करकर. फझच्या बटणाला थोडी करकर असतेच, कारण त्यातून ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह वाहतो. पण आवाजाच्या बटणाची करकर ही चहाडी आहे. त्या बटणावर गिटारची लाट यावी, स्थिर व्होल्टेज येता कामा नये. मधला कंडेन्सर ते अडवण्यासाठीच असतो. मल्टीमीटर लावला तर तेथे शून्याऐवजी ०.३ व्होल्ट दिसले. कंडेन्सर पाझरत होता. तो कोठून आणला म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की तो आजोबांच्या रेडिओतला, कागदी जातीचा. जुने ते सोने ह्या म्हणीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये फारसा आधार नाही. कागदी कंडेन्सर म्हातारपणी पाझरतात. त्यांच्या जागी काही रुपयांचा नवा फिल्म कंडेन्सर घालण्यात कसलाही कमीपणा नाही. रेझिस्टरचेही तसेच. जुन्या कार्बनच्या रेझिस्टरमधून प्रवाह गेला की तो आपली स्वतःची सूं सूं भर घालतो. मेटल फिल्मचा रेझिस्टर त्या मानाने मौनी. दिसायला तो जुना नसतो एवढेच.

तडतड हा आवाज ह्या डबीत नव्हता, पण तो फार वेळा भेटतो. तो अनियमित असतो, आणि बोटाने डबीला टिचकी मारली की वाढतो. तेथे सोल्डर नीट पकडलेले नसते. लाकडी काडीने एकेक सांधा हलके ठोकत जावे. अपराधी स्वतः ओरडतो. रात्री डबीतून आकाशवाणी ऐकू येऊ लागली तरी घाबरू नये. ज्यांनी लहानपणी क्रिस्टल रेडिओ केला असेल त्यांना कारण ताबडतोब कळेल, कारण ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटरचा सांधा हाही एक डिटेक्टरच आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या त्या दोन पायांमध्ये १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर घातला की निवेदक निघून जातात आणि गिटारला धक्का लागत नाही.

एका गमतीच्या घूंचा उल्लेख मला टाळवत नाही. ओसी ७१ सारखे काही जुने ट्रान्झिस्टर काचेच्या नळीत असून वरून काळा रंग दिलेले असतात. हा रंग शोभेसाठी नाही. जर्मेनियमवर प्रकाश पडला की त्यातून प्रवाह सुटतो. पूर्वीचे हौशी लोक हा रंग खरवडून त्याचा डोळा करीत असत. रंगाचा टवका उडाला असेल आणि डबी उघडी असेल, तर खोलीतल्या दिव्याची १०० हेलकाव्यांची थरथर आवाज होऊन ऐकू येते. दिवा मालवावा, घूं थांबली तर टवक्यावर काळा रंग लावावा.

सर्व झाल्यावर त्या डबीत सूं उरली, पावसाची सर दूरवर पडावी तशी. आता कोठे ट्रान्झिस्टरची पाळी आली. पहिल्या ट्रान्झिस्टरचा गुन्हा नेहमी मोठा, कारण त्याची सूं दुसरा पुन्हा मोठी करतो.

जर्मेनियमचा स्वभाव गळका आहे. त्यातले इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा सैल बांधलेले. सुटायला सिलिकॉनमध्ये सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, येथे सुमारे ०.६७ पुरतात. त्यामुळे नळ बंद केला तरी थेंब गळतोच. ही गळती एकसारखी नसते, आणि तिच्या अनियमितपणातून सूं उपजते. गळती मोजायची रीत घरी जमण्यासारखी आहे. २२०० आणि २७० ओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडून २४७० ओहम करावेत. एमिटर बॅटरीच्या धन टोकाला, कलेक्टर ह्या रेझिस्टरमधून ऋण टोकाला, बेस मोकळा. रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज म्हणजे गळती. मग बेस २२ लाख ओहममधून ऋण टोकाला जोडावा. बेसमध्ये सुमारे ४ मायक्रोअॅम्पिअर जातात. नव्या आकड्यातून जुना वजा करून शंभराने गुणले की ट्रान्झिस्टरची खरी वाढवण्याची शक्ती मिळते.

त्या मुलाने लावलेल्या तिसऱ्या ट्रान्झिस्टरची गळती भरली ०.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३४४ मायक्रोअॅम्पिअर. बेस जोडल्यावर आकडा झाला १.५५. दुकानदाराने ह्याची शक्ती १५५ म्हणून सांगितली होती आणि त्या मानाने पैसेही घेतले होते. खरी शक्ती ७०. उरलेले ८५ हे नुसते गळके पाणी! मग आम्ही ती 'खराब' काडेपेटी उघडली. पहिलाच ट्रान्झिस्टर: गळती ०.२२, म्हणजे ८९ मायक्रोअॅम्पिअर, जोडल्यावर ०.९७, खरी शक्ती ७५. फझ फेसच्या पहिल्या जागेला ह्याहून योग्य माणूस शोधून सापडला नसता. घूं होती अॅडॅप्टरची आणि प्लॅस्टिकची, करकर होती कंडेन्सरची, आणि शिक्षा भोगीत होता हा काडेपेटीत. दुसरा त्याच्या खालोखाल चांगला निघाला. म्हणजे निरपराध्यांना काढून अपराध्याला आणून बसवण्याचा उद्योग पूर्ण झाला होता.

पहिला ट्रान्झिस्टर पुन्हा जागेवर आला, तोही सॉकेटमध्ये, म्हणजे सोल्डरची आच लागायला नको. सूं पुष्कळ उतरली. पूर्णपणे गेली का? नाही, आणि ती जाणार नाही. तेवढी सूं हा जर्मेनियमच्या अंगाचा भाग आहे. ती नको असेल तर सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आहेत, स्वस्त आहेत, गळत नाहीत. आवाजही धारदार देतात. सिलिकॉन वापरणाऱ्याला मी कमी लेखत नाही. पण वाजवणारा गिटारच्या बटणाने आवाज जरा उतरवताच ज्या गोडीने जर्मेनियमची डबी स्वच्छ बोलू लागते, ती गोडी हवी असेल तर थोडी सर पडत राहणार.

आपल्या प्रांताची म्हणून एक अडचण मात्र लंडनच्या पुस्तकांत सापडत नाही. जर्मेनियमची गळती दर १० अंश सेल्सिअसला अंदाजे दुप्पट होते. २० अंशांच्या खोलीत नीट बसवलेली डबी ४० अंशांत चौपट गळते. नागपूर-अकोल्याकडे चैत्र-वैशाखात तर ह्याहून वाईट. गळती वाढली की दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे व्होल्टेज, जे बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, ४.५ व्होल्ट असावे, ते जागेवरून सरकते, आणि स्वर तुटक, थुंकल्यासारखा येऊ लागतो. ह्यालाही मुले खरखरच म्हणतात. ८२०० ओहमच्या रेझिस्टरच्या जागी फिरता रेझिस्टर घालावा, आणि कार्यक्रम जेथे होणार तेथल्या हवेत डबी अर्धा तास ठेवून मगच तो फिरवावा. संशय असेल तर स्पिरिटचा बोळा ट्रान्झिस्टरच्या टोपीला टेकवावा. स्पिरिट उडताना तो गार होतो, आणि आवाज सुधारला तर दोष उष्म्याचा. बोळा लावताना सोल्डरिंग आयर्न आणि उदबत्ती दोन्ही दूर असावीत, हे सांगायला नको.

डबी, तिचे ताट आणि मोजणीची पट्टी मी समोरच्या टेबलावर मांडून ठेवली आहे. तो तिसरा, गळका ट्रान्झिस्टरही सॉकेटमध्ये आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर अवश्य पुढे यावे. फक्त ट्रान्झिस्टर बोटांत धरू नये. सॉकेटमध्ये बसवून मिनिटभर थांबावे आणि मग आकडा वाचावा, कारण बोटांच्या उबेनेसुद्धा तो चढतो.